आधी विचारा, मोजलंय काय?

१९४० च्या दशकात आपल्या देशातल्या दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांमध्ये वाद झाला. विषय होता शेतातला. पीक किती आलं हे ठरवण्यासाठी नमुना म्हणून शेताचा जो तुकडा कापायचा, तो केवढा असावा? कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे प्रशांतचंद्र महालनोबिस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे होते. तेवढ्याच खर्चात जास्त ठिकाणं कापून होतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे आणि तेव्हा दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत काम करणारे पां. वा. सुखात्मे यांचं म्हणणं होतं की तुकडा फार लहान घेतला की पीक असतं त्याहून जास्त दिसतं. कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, हे कापणारा माणूस ठरवतो आणि त्याचा हात नकळत आत धरण्याकडे झुकतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड लांब, आणि तितकी ही चूक मोठी. १९४६ साली सुखात्म्यांनी हे 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

प्रॉडक्ट ॲनालिस्टच्या मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची आणि सुरुवात शेतातून करायची, हे पुस्तकाच्या लेखिकेला जरा विचित्र वाटलं. पण मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसून मी जे पाहिलं आहे, ते सगळं या वादात आहे. समोरच्याला प्रश्न टाकला जातो: "आपल्या ॲपवरच्या ऑर्डर गेल्या आठवड्यात दहा टक्क्यांनी घसरल्या. काय करशील?" बहुतेक उमेदवार लगेच कारणांची यादी सुरू करतात. पाऊस असेल, प्रतिस्पर्ध्याने सवलत दिली असेल, ॲप बंद पडलं असेल. यादी चुकीची नसते. पण ऑर्डर म्हणजे दिलेली की पोचलेली, रद्द झालेली त्यात धरली आहे का, आणि 'घसरल्या' ते कोणत्या आठवड्याच्या तुलनेत, हे त्यांनी विचारलेलंच नसतं. कडेवरची रोपं आत आहेत की बाहेर, हे न पाहता ते पिकाचं कारण सांगायला लागलेले असतात.

माझ्या मते या नोकरीच्या मुलाखतीत तपासली जाणारी मुख्य गोष्ट हीच आहे. क्वेरी लिहिता येणं लागतं, संख्याशास्त्र लागतं, बोलता यावं लागतं. पण आकडा समोर आला की त्याच्या व्याख्येकडे आधी बघायचं आणि शेवटी त्या आकड्यावरून काय ठरवायचं हे सांगायचं, ही दोन टोकं ज्याची पक्की आहेत त्याला मधलं थोडं कमी आलं तरी माफ होतं. उलटं सहसा होत नाही.

काम नेमकं काय, याबद्दल गोंधळ फार आहे आणि त्यात उमेदवारांचा दोष कमी. एकाच पदनामाखाली कंपन्या वेगवेगळी कामं भरतात. एका ठिकाणी प्रॉडक्ट ॲनालिस्ट म्हणजे रोज सकाळी डॅशबोर्ड हलता ठेवणारा माणूस. दुसरीकडे तो प्रयोग आखतो, प्रॉडक्ट मॅनेजरच्या शेजारी बसून कोणतं फीचर ठेवायचं आणि कोणतं काढायचं यावर मत देतो. तिसरीकडे त्याला चक्क मार्केटिंगच्या खर्चाचा हिशेब ठेवायला लावतात. म्हणून जाहिरातीतलं पदनाम सोडून खालचा कामाचा मजकूर वाचावा. 'एक्सपरिमेंट', 'रिटेन्शन', 'फनेल' हे शब्द असतील तर एक तयारी. 'रिपोर्टिंग', 'एमआयएस', 'एक्सेल' एवढंच असेल तर दुसरी. सर्व्हिस कंपनीतून प्रॉडक्ट कंपनीत जाऊ पाहणाऱ्या पुण्यातल्या, हिंजवडीतल्या कितीतरी मुलामुलींना पहिली ठेच इथेच लागते. ते डेटा सायंटिस्टची तयारी करून येतात, मॉडेलांची नावं घडाघडा सांगतात, आणि पहिल्या राउंडला त्यांना एक साधी क्वेरी लिहायला सांगतात.

तेव्हा क्वेरीपासूनच सुरू करू. १९७४ साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी एसक्यूएल ही क्वेरीची भाषा मांडली. तिचं पहिलं नाव सीक्वेल, आणि आजही निम्मे लोक एसक्यूएलला तसंच म्हणतात. पन्नास वर्षांनंतरही नोकरीचं पहिलं दार तिच्यावरच उघडतं. तिच्यात अवघड काही नाही, असं वाटतं तिथेच ती फसवते.

एक प्रश्न घेऊ. "प्रत्येक ग्राहकाने मागच्या महिन्यात किती ऑर्डर दिल्या ते काढा." उमेदवार ग्राहकांचं टेबल घेतो, ऑर्डरच्या टेबलाशी लेफ्ट जॉइन करतो, म्हणजे एकही ऑर्डर न दिलेला ग्राहकही यादीत राहील. इथवर छान. मग तारखेची अट तो व्हेअरमध्ये लिहितो. झालं. ज्याने ऑर्डरच दिली नाही त्याच्या ओळीत तारीख नल असते, नल तारखेच्या कुठल्याच तुलनेत बसत नाही, आणि तो ग्राहक गुपचूप गळून जातो. अट जॉइनच्या ऑनमध्ये हवी होती. ती तिथे लिहिली तरी पुढचा खड्डा आहेच: काउंटमध्ये तारा टाकून ओळी मोजल्या तर शून्य ऑर्डरवाल्याचीही एक ओळ असते, म्हणून त्याच्या नावावर एक ऑर्डर लागते. मोजायचा असतो तो ऑर्डर क्रमांक. क्वेरी दोन्ही वेळा चालते, कुठेही लाल अक्षरं येत नाहीत, उत्तरही दिसायला बरं असतं. फक्त दरडोई सरासरी फुगलेली असते, आणि त्या सरासरीवर कोणीतरी पुढच्या तिमाहीचं लक्ष्य ठरवणार असतं.

असाच दुसरा खड्डा ऑर्डरच्या टेबलाला त्यातल्या वस्तूंचं टेबल जोडताना येतो. एका ऑर्डरमध्ये तीन वस्तू असतील तर ऑर्डरची रक्कम तीन ओळींत तीनदा येते आणि बेरीज तिप्पट होते. मुलाखत घेणारा इथे मुद्दाम गप्प बसतो. उत्तर आल्यावर तुम्ही स्वतःहून "थांबा, जॉइननंतर ओळी वाढल्या का ते बघते" असं म्हणता का, हे त्याला पाहायचं असतं. विंडो फंक्शन, रँक आणि डेन्स रँकमधला फरक, लॅग वापरून मागच्या ओळीशी तुलना, हे सगळं पुस्तकात आहे आणि ते पाठ होण्यासारखं आहे. ओळी मोजून बघण्याची सवय मात्र हाताला लावावी लागते.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही. बहुतेक ठिकाणी सर्व्हरवरची वेळ यूटीसीत साठवलेली असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. म्हणजे वेळ न बदलता नुसती तारीख काढली, तर डेटाबेसचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजून गेल्यावर, म्हणजे १ जानेवारीला, मागवलेली बिर्याणी त्या हिशेबात जुन्याच वर्षात राहते. दुपारी चालणाऱ्या धंद्याला याने फरक पडत नाही; रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्याला पडतो. मुलाखतीत "या टेबलातली वेळ कोणत्या टाइम झोनची आहे?" एवढं विचारलं की समोरचा माणूस सावरून बसतो, कारण हा प्रश्न ज्याने खरं काम केलंय तोच विचारतो.

आता पुन्हा त्या घसरलेल्या ऑर्डरकडे. समजा, प्रश्न असा आहे: पुण्यात जुलै २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात चिकन बिर्याणीच्या ऑर्डर आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यापेक्षा खूप कमी आल्या. का? उमेदवार ॲपची आवृत्ती तपासेल, पेमेंटचं अपयश बघेल, हॉटेलं बंद होती का पाहील. हे सगळं बरोबर आहे आणि करायलाच हवं. पण २०२४ मध्ये आपला श्रावण ५ ऑगस्टला लागला होता आणि २०२५ मध्ये २५ जुलैला. म्हणजे जुलैचा शेवटचा आठवडा एका वर्षी गटारीच्या आधीचा होता आणि दुसऱ्या वर्षी श्रावणातला. इंग्रजी तारखेला इंग्रजी तारीख लावून केलेली तुलना मुळातच वेगळ्या दोन गोष्टींची आहे. त्यातही उत्तरेचा सावन पौर्णिमान्त पंचांगामुळे आपल्याआधी पंधरा दिवस सुरू होतो, म्हणून दिल्ली आणि पुणे एकाच आलेखावर टाकून 'पुण्यात काहीतरी बिघडलंय' म्हणणंही चूक. दिवाळीचं तेच: लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं आणि २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, या दोन वर्षांच्या ऑक्टोबरमधल्या विक्रीची तुलना करून ज्याने कोणाला धारेवर धरलं असेल त्याने कालनिर्णय उघडून पाहिलं नसणार. आपल्या गावाकडच्या मुलांना हे ज्ञान घरातून मिळालेलं असतं. मुलाखतीत ते वापरायचं नसतं, असा त्यांचा समज का होतो हे मला कळलेलं नाही.

घसरणीचा प्रश्न सोडवताना एक हिशेब तरी कागदावर करून ठेवावा, कारण तो तोंडी पटत नाही. मागच्या महिन्यात ॲपवर येणाऱ्यांपैकी निम्मे आयफोनवाले होते आणि त्यातले १० टक्के खरेदी करत होते. उरलेले निम्मे अँड्रॉइडवाले, त्यातले ४ टक्के. एकूण ७ टक्के. या महिन्यात मोठी जाहिरात झाली, अँड्रॉइडवाले ८० टक्के झाले. आयफोनवाल्यांचं प्रमाण ११ वर गेलं, अँड्रॉइडवाल्यांचं साडेचारवर. दोन्ही गट सुधारले. एकूण मात्र ५.८ टक्क्यांवर आलं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ च्या प्रवेशांत याच जातीचा गोंधळ झाला होता: अर्ज करणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. विभागवार पाहिल्यावर स्त्रियांविरुद्धचा तो कल जवळजवळ नाहीसा झाला. जिथे प्रवेश मिळणं मुळातच कठीण, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त गेले होते. आकडा फोडून बघा, असं सगळेच सांगतात. कशावर फोडायचा हे सांगता येणं म्हणजे तयारी.

दुसऱ्या प्रकारचा प्रश्न असतो मेट्रिक निवडण्याचा. इथे सगळ्यात जास्त पाठांतर ऐकू येतं. डेव्ह मॅक्लूर यांनी २००७ मध्ये स्टार्टअपसाठी पाच पायऱ्यांची एक मांडणी सुचवली: ग्राहक येणं, त्याला चव लागणं, टिकणं, त्याने इतरांना सांगणं, पैसे मिळणं. मांडणी उपयोगी आहे. पण प्रश्न कानावर पडताच त्या पाच पायऱ्या म्हणून दाखवणारा उमेदवार दिवसातून चौथा असतो, आणि समोरच्याचा चहा थंड होत असतो. त्यापेक्षा एखादं ओळखीचं ॲप घेऊन बसावं. मुंबईकरांचं एम-इंडिकेटर घ्या. लोकलचं वेळापत्रक बघायचं ॲप. त्याचं यश कशात मोजाल? 'ग्राहक ॲपमध्ये किती वेळ घालवतो' हे बऱ्याच ॲपांसाठी लाडकं मेट्रिक आहे. इथे ते उलटं आहे. दादरच्या पुलावरून पळता पळता बघायचं ॲप आहे ते. दहा सेकंदांत गाडी सापडली तर ॲप चांगलं. मग 'कमी वेळ' हे लक्ष्य ठेवायचं का? तर नाही, कारण ॲप उघडताच बंद पडलं तरी वेळ कमीच लागतो. म्हणजे वेळेसोबत दुसरं काहीतरी बघायला हवं: तोच शोध मिनिटाभरात परत केला का, दुसऱ्या दिवशी माणूस परत आला का, एखाद्या मार्गाचं वेळापत्रक बदलल्यावर त्या मार्गावरचे लोक गळाले का. अर्धा तास यावर घालवलेला विद्यार्थी मुलाखतीत कुठल्याही ॲपवर बोलू शकतो.

१९७५ साली ब्रिटनच्या चलनधोरणावर लिहिताना चार्ल्स गुडहार्ट यांनी जे निरीक्षण नोंदवलं त्याचा आज सर्रास घेतला जाणारा अर्थ असा, की माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही. हे वाक्य मुलाखतीत फेकू नये. त्याऐवजी, तुम्ही निवडलेलं मेट्रिक एखाद्या टीमच्या बोनसला जोडलं तर ती टीम कोणती लबाडी करेल, हे स्वतःच सांगावं. कॉल सेंटरला 'सरासरी कॉल लहान करा' म्हटलं की फोन लवकर ठेवले जातात आणि तोच ग्राहक तीनदा फोन करतो. स्वतःच्या उत्तरातली पळवाट स्वतः दाखवणारा उमेदवार क्वचित भेटतो आणि बहुधा निवडला जातो.

तिसरा भाग प्रयोगांचा, म्हणजे ए-बी टेस्टचा. याचं मूळ सिलिकॉन व्हॅलीत नाही, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात आहे. तिथे काम केलेल्या रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात चहाचा प्रयोग सांगितला आहे. दूध आधी घातलं की चहा आधी, हे चवीवरून ओळखता येतं असं एक बाई म्हणतात. आठ कप करायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम चिठ्ठ्या टाकून. आठांतून चार निवडण्याच्या ७० रीती आहेत, म्हणून नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० त एक. सहाच कप घेतले असते तर ती २० त एक झाली असती, म्हणजे नेमकी ५ टक्के. किती कप, हे चहा ओतण्याआधी ठरवायचं असतं, आणि आजच्या मुलाखतींत पडणारे बरेच लोक याच मुद्द्यावर पडतात.

ॲपवरचं उदाहरण घ्या. आज ४ टक्के लोक खरेदी करतात. नव्या बटणामुळे ते ४.४ होतील अशी आशा आहे. ५ टक्के पातळी आणि ८० टक्के पॉवर धरली तर एक ढोबळ सूत्र आहे: १६ गुणिले व्हेरियन्स, भागिले फरकाचा वर्ग. ०.०४ गुणिले ०.९६ म्हणजे ०.०३८४, त्याला १६ ने गुणून ०.००४ च्या वर्गाने भागलं की ३८,४०० येतात. दर गटाला एवढे लोक, म्हणजे एकूण ७६,८००. त्या पानावर रोज दोन हजारच लोक येत असतील तर प्रयोगाला अडतीस दिवसांहून अधिक लागतील. इथे थांबणारा उमेदवार गणितात पास आहे. "एवढा वेळ नसेल तर मी फरक मोठा पडेल असा बदल निवडेन, किंवा खरेदीऐवजी तिच्याआधीची, जास्त वेळा घडणारी पायरी मोजेन" असं पुढे म्हणणारा कामाला लागू शकतो. रोज डोकावून 'आज फरक दिसला, थांबवा' म्हणणं का चूक, आणि वीस मेट्रिक एकदम पाहिली तर काहीही बदललेलं नसताना एखादं तरी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के कशी (मेट्रिक एकमेकांपासून स्वतंत्र धरली तर), हे दोन्ही हाताने सोडवून पाहावं.

प्रयोग का करायचे याला उत्तर म्हणून मायक्रोसॉफ्टच्या बिंगचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि ते देण्यासारखंच आहे. जाहिरातीच्या मथळ्याला खालची ओळ जोडून मथळा लांब करावा, अशी एका कर्मचाऱ्याने सुचवलेली कल्पना सहा महिन्यांहून अधिक काळ धूळ खात पडली होती, कारण कोणालाच ती महत्त्वाची वाटली नाही. २०१२ मध्ये एका इंजिनिअरने ती करून पाहिली. उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं. एकट्या अमेरिकेत वर्षाला दहा कोटी डॉलरहून जास्त. मोठमोठ्या हुद्द्यांवरच्या लोकांचे अंदाज किती चुकतात याचा हा पुरावा आहे. पण उमेदवाराने त्याच्या उलट बाजूचाही विचार केलेला असावा: प्रयोग कुठे चालत नाही? कोथरूडमध्ये निम्म्या ग्राहकांना डिलिव्हरीची नवी पद्धत लावली आणि निम्म्यांना जुनी, तर दोन्ही गटांना सामान पोचवणारी मुलं तीच असतात. नव्या गटाला मुलं लवकर मिळाली की जुन्या गटाला उशिरा मिळतात, आणि फरक असतो त्याहून मोठा दिसतो. तिथे माणसं वाटण्याऐवजी वेळ वाटून, काही तास पूर्ण भागाला एक पद्धत आणि काही तास दुसरी, असा प्रयोग करतात. हे पुस्तकात सातव्या प्रकरणात आहे आणि ते प्रकरण लेखिकेने सगळ्यात चांगलं लिहिलं आहे.

लेखिकेशी माझा एका ठिकाणी मतभेद आहे. 'मुंबईत रोज किती वडापाव विकले जातात' छापाच्या अंदाजाच्या प्रश्नांना तिने पूर्ण प्रकरण दिलं आहे. मी असतो तर ते चार पानांत आटोपलं असतं. शिकागोत पियानो ट्यून करणारे किती, हा एन्रिको फर्मींच्या नावाने चालणारा प्रश्न विद्यार्थ्यांना मापाचा अंदाज यावा म्हणून ठीक आहे. नोकरीच्या मुलाखतीत तो पाच मिनिटांचा खेळ असतो, आणि त्यावरून कोणाला नाकारणारा माणूस मुलाखत घ्यायला कंटाळलेला असतो. तिचं म्हणणं असं, की विचारलं जातं म्हणून शिकवायला हवं. तेही खरंच.

घरी करायला देतात त्या कामाबद्दलही स्पष्ट लिहायला हवं होतं, म्हणून मी लिहितो. एका संध्याकाळीत होईल एवढं काम देणं रास्त आहे. कंपनीचा खरा डेटा देऊन आठवडाभराचं विश्लेषण फुकट करून घेणं रास्त नाही. अशा वेळी "मी यातला एवढा भाग करून देते, उरलेलं कसं केलं असतं ते तोंडी सांगते" असं नम्रपणे कळवावं. त्याने काम गेलं तर जाऊ द्यावं.

सरावासाठी डेटा कुठून आणायचा हा प्रश्न प्रत्येक कॉलेजात विचारला जातो आणि प्रत्येक रेझ्युमेवर टायटॅनिकचे प्रवासी नाहीतर आयरिसची फुलं येऊन बसतात. (ती फुलंही फिशर यांच्याच १९३६ च्या लेखातली.) त्यापेक्षा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन दर महिन्याला यूपीआयचे आकडे जाहीर करते, ते घ्यावेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याचे व्यवहार पहिल्यांदा शंभर कोटींच्या पुढे गेले. रक्कम सुमारे १.९१ लाख कोटी रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये व्यवहार दोन हजार कोटींच्या पुढे गेले आणि रक्कम होती सुमारे २४.८५ लाख कोटी. भागाकार करा: सरासरी व्यवहार साधारण साडेसोळाशे रुपयांवरून साडेबाराशेच्या आत आला. ही वाईट बातमी आहे की चांगली? माणसाने माणसाला पाठवलेले पैसे आणि दुकानदाराला दिलेले पैसे वेगळे काढल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि ती फोडही तिथेच मिळते. चहाच्या टपरीवरचे दहा रुपये मोजणीत आले की सरासरी उतरणारच. या एका तक्त्यावर दोन पानी टिपण लिहून रेझ्युमेला जोडलेला उमेदवार मला टायटॅनिकवाल्या दहांपेक्षा जास्त आवडेल.

राहिली भाषेची गोष्ट. या मुलाखती इंग्रजीत होतात आणि हे पुस्तक मराठीत आहे, म्हणून काही जण नाक मुरडतील. विचार कोणत्या भाषेत झाला याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं, आणि नीट न समजलेली गोष्ट इंग्रजीत बोलली तरी तशीच ऐकू येते. समजून मराठीत घ्यावं. मग तेच उत्तर लहान लहान इंग्रजी वाक्यांत मोठ्याने बोलून बघावं, शक्यतो कोणाच्या तरी समोर. भावाला बसवावं, रूममेटला बसवावं. अडकल्यावर गप्प राहण्यापेक्षा "एक मिनिट द्या, मी व्याख्या लिहून घेतो" म्हणणं केव्हाही बरं. आणि आपल्याकडची एक सवय तेवढी मुलाखतीपुरती सोडावी: 'आम्ही केलं', 'आमच्या टीमने केलं'. घरात मी-मी करणं शोभत नाही असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. प्रोजेक्टवर प्रश्न विचारणाऱ्याला मात्र त्यातली कोणती क्वेरी तुमची आणि कोणता निर्णय तुमच्यामुळे बदलला, एवढंच हवं असतं. ते सांगण्यात बढाई नाही.

क्वेरी लिहून देणारी साधनं आता प्रत्येकाच्या हाताशी आहेत, तेव्हा हे सगळं शिकायचं कशाला, असंही विचारलं जाईल. ती साधनं वर सांगितलेली लेफ्ट जॉइनची चूकही तितक्याच आत्मविश्वासाने लिहून देऊ शकतात. म्हणून मी तरी अलीकडे रिकामा कागद देण्याऐवजी तयार क्वेरी समोर ठेवतो आणि यात काय चुकलंय ते विचारतो. हा प्रश्न जास्त अवघड आहे.

तिसऱ्या प्रकरणापासून पुढे जवळजवळ प्रत्येक पानावर एक क्वेरी आहे आणि तिच्याखाली उत्तर छापलेलं आहे. ते उत्तर वाचून समाधान मानू नका. पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. आधी ते बसवून घ्या, पुस्तकातली टेबलं त्यात भरा, क्वेरी स्वतः चालवा, ओळी मोजा, आणि छापलेलं उत्तर चुकलेलं सापडलं तर लेखिकेला कळवा.